तळटीप : चाकणचा पंचनामा

१. ‘बाईंनी पंच म्हणून सही केली’ : स्कॉटलंडच्या खेड्यात घडणाऱ्या रहस्यकथांत संशयास्पद मृत्यूचा तपास ‘प्रोक्युरेटर फिस्कल’ या सरकारी वकिलाच्या अखत्यारीत असतो, इंग्लंडमधला कोरोनर तिथे नसतो. महाराष्ट्रात कोरोनर होता तो मुंबईत. ते पद १९९९मध्ये संपले. चाकणसारख्या ठिकाणी पोलीस ठाण्यातच ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. कथेचा काळ २०१७ असल्याने इथे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ लागू आहे. (१ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आले.) त्यानुसार अधिकारी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवून घटनास्थळी जातो आणि परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष जखमा, खुणा व मृत्यूचे वरकरणी कारण लिहून काढतो. हौशी गुप्तहेराला मृतदेहाजवळ पोहोचायची ही सरळ, कायदेशीर वाट. निवृत्त शिक्षिकेला लेखकाने पंच केले ते याचसाठी. मात्र पंचाने पाहायचे आणि सही करायची. जाबजबाब घेण्याचा अधिकार त्याला नाही. पुढच्या प्रकरणात बाई कारखान्यातल्या कामगारांकडे चौकशी करतात ती निव्वळ शेजारधर्माने, आणि उत्तर देणे कोणावरही बंधनकारक नाही. ‘पुणे ग्रामीण पोलीस’ हा उल्लेखही काळाला धरून आहे : पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले, तेव्हा चाकण त्याच्या हद्दीत आले. — संपा.