सूर्याची छायाचित्रे : लेयर आणि ब्लेंडिंगचा उपयोग

ग्रहण लागले किंवा सूर्यावर मोठा डाग आल्याची बातमी आली, की आपल्या मंडळातले हौशी छायाचित्रकार कॅमेरे बाहेर काढतात. त्यानंतर एक प्रश्न हमखास येतो. डोळ्यांना किंवा दुर्बिणीतून जे दिसले ते सगळे एका फोटोत का येत नाही? सूर्याच्या बाबतीत उजेडातला फरक फार मोठा असतो, हे त्याचे कारण. कॅमेरा एका वेळी त्यातला थोडाच पट्टा नीट पकडतो. म्हणून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून ते संगणकावर एकत्र करावे लागतात. हे काम लेयर वापरून होते. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ पासून आहे. गिम्प हा मोफत प्रोग्रॅम घरच्या कामाला पुरेसा आहे. त्याची आवृत्ती मात्र २.१० किंवा नंतरची घ्यावी, कारण १६ बिटमध्ये काम तिच्यापासून करता येते. ८ बिटमध्ये उजेडाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. सूर्याच्या कडेकडे हळूहळू कमी होणारा उजेड ८ बिटमध्ये ताणला की पट्टे पडतात.

आधी सुरक्षेचे. सौर फिल्टर लेन्सच्या किंवा दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसवलेला हवा. डोळ्याच्या बाजूला लावलेला फिल्टर उष्णतेने तडकू शकतो. एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काच घरात कितीही पिढ्या वापरात असली तरी नको. सौर फिल्मचे दोन प्रकार मिळतात : ५.० घनतेची बघण्यासाठी, ३.८ घनतेची फक्त फोटोसाठी. दुसरीतून डोळ्याने बघू नये.

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. प्रत्येक लेयरला एक मास्क जोडता येतो. मास्क जिथे पांढरा तिथे तो लेयर दिसतो, काळा तिथे लपतो, करडा तिथे अर्धवट दिसतो. मूळ फोटो खाली जसाच्या तसा राहतो. बँकेत लेजरमधली नोंद खोडायची नसते, दुरुस्तीची वेगळी नोंद टाकायची असते. इरेझरने फोटो पुसणे आणि मास्क वापरणे यांत आम्हाला हाच फरक दिसतो.

पहिले उदाहरण हायड्रोजन-अल्फाचे. या प्रकाशाची, म्हणजे ६५६.२८ नॅनोमीटर तरंगलांबीची, खास दुर्बीण असेल तर सूर्याच्या कडेवरून उसळलेले वायूचे झोत दिसतात. त्यांना प्रॉमिनन्स म्हणतात. साध्या सौर फिल्टरमधून ते दिसत नाहीत, त्यामुळे ते आपल्या फोटोत नसले तर वाईट वाटून घेऊ नये. प्रॉमिनन्स बिंबापेक्षा खूपच मंद असतात. बिंब नीट आले तर ते काळ्यात बुडतात, ते आले तर बिंब पांढरेफटक होते. म्हणून दोन एक्स्पोजर घ्यायची. जास्त एक्स्पोजरचा फोटो खाली, बिंबाचा वर. वरच्या लेयरचा मोड तात्पुरता ‘डिफरन्स’ करून तो बाणाच्या कळांनी हलवायचा. बिंबाभोवती उरलेली कड सगळ्या बाजूंनी सारख्या जाडीची झाली की दोन्ही फोटो जुळले. मग मोड पुन्हा ‘नॉर्मल’ करून बिंबाभोवती गोल निवड करायची, तिची कड तीन-चार पिक्सेलने मऊ करायची आणि त्या निवडीचाच मास्क द्यायचा. गोल लहान पडला तर खालच्या जळलेल्या बिंबाची पांढरी कड डोकावते. मोठा झाला तर प्रॉमिनन्सचे मूळ झाकले जाते आणि तो सूर्यापासून सुटून तरंगत असल्यासारखा दिसतो. दुसरा दोष सहज ध्यानात येत नाही, म्हणून तो अधिक वाईट. एकेक पिक्सेलने निवड लहान-मोठी करत बसण्याला पर्याय नाही.

दुसरे उदाहरण खग्रास ग्रहणातल्या प्रभामंडळाचे. २२ जुलै २००९ चा खग्रास पट्टा सुरत, इंदूर, भोपाळवरून गेला, पण ते पावसाळ्याचे दिवस होते आणि बहुतेक ठिकाणी ढगांनी घात केला. प्रभामंडळाचा सगळा उजेड मिळून साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतका असतो, पण तो सारखा पसरलेला नसतो. कडेजवळ तेजस्वी, बाहेर झपाट्याने मंद. त्यामुळे सेकंदाच्या हजाराव्या भागापासून एक-दोन सेकंदांपर्यंत एक्स्पोजरची रांगच घ्यावी लागते. सर्वांत मोठे एक्स्पोजर तळाशी ठेवायचे, त्यावर क्रमाने लहान. प्रत्येक वरच्या लेयरला मध्यभागी पांढरा आणि बाहेर काळा होत जाणारा गोल ग्रेडियंट मास्क द्यायचा. म्हणजे आतला भाग लहान एक्स्पोजरमधून येतो, बाहेरचा मोठ्यातून.

इथे एक अडचण आहे. ग्रहण चालू असताना चंद्र सूर्यासमोरून सरकत असतो. चार मिनिटांत हे सरकणे सूर्याच्या व्यासाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतके होते. फोटो चंद्राच्या कडेवर जुळवले तर प्रभामंडळाचे धागे पुसट होतात. जुळवणी प्रभामंडळावर करावी आणि चंद्र एकाच फोटोतून वेगळ्या लेयरवर घ्यावा.

प्रभामंडळाचे धागे उठावदार करायला आम्हाला सर्वांत आवडलेली युक्ती अशी. एकत्र केलेल्या चित्राची प्रत काढा आणि सूर्याचा मध्य धरून तिला गोल फिरवलेला ब्लर द्या. ही प्रत वर ठेवून मोड ‘ग्रेन एक्स्ट्रॅक्ट’ करा. उजेडाचा मोठा उतार निघून जातो आणि करड्या पार्श्वभूमीवर फक्त धागे उरतात. जे दिसते त्याचा नवा लेयर करून घ्या, ब्लर केलेली प्रत बंद करा आणि नवा लेयर मूळ चित्रावर ‘सॉफ्ट लाइट’मध्ये ठेवा. मध्य थोडा जरी चुकला तरी खोटे पट्टे उमटतात. मग अपॅसिटी कमी करा. किती कमी, हे दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने ठरवलेले बरे.

साध्या फिल्टरने काढलेल्या सौरडागांच्या फोटोला इतका खटाटोप लागत नाही. ‘ओव्हरले’ने डागाची गडद मधली बाजू आणि भोवतालची फिकट झालर वेगळी दिसते. ‘मल्टिप्लाय’ चित्र गडद करतो, ‘स्क्रीन’ उजळतो. डागाचा आकार कळावा म्हणून पृथ्वीचा ठिपका वेगळ्या लेयरवर ठेवता येतो. सूर्याच्या व्यासाचा १०९ वा भाग घ्या, पण ठिपका कोपऱ्यात ठेवा आणि शेजारी तसे लिहा. मे २०२४ मधला प्रसिद्ध डागसमूह पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट रुंद होता. त्याच्या वादळामुळे लडाखमधल्या हानले येथून ध्रुवीय प्रकाश टिपला गेला.

रंगाचा मुद्दा वादाचा आहे. चांगल्या फिल्टरमधून सूर्य पांढरा येतो. केशरी रंग बहुधा नंतर ‘कलर’ मोडमधल्या लेयरने दिलेला असतो. आदित्य एल-१ वरची पुण्याच्या आयुकाने विकसित केलेली ‘सूट’ दुर्बीण अतिनील प्रकाशात फोटो घेते. तो प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, म्हणजे त्या चित्रांचे रंगही नंतर दिलेले. यात लबाडी नाही, कारण चित्र कशाचे आहे हे सांगितलेले असते. एका दिवसाचे बिंब आणि दुसऱ्या दिवसाचा प्रॉमिनन्स जोडून एकच फोटो म्हणून पाठवणे मात्र आम्हाला मान्य नाही. देवळाच्या शिखरामागे चिकटवलेला भलामोठा सूर्यही त्यातलाच.

म्हणून मंडळाच्या दालनासाठी फोटो पाठवताना तारीख, वेळ, ठिकाण, फिल्टर, किती एक्स्पोजर जोडली आणि रंग दिला का, एवढे दोन ओळींत लिहावे. मूळ रॉ फोटो आणि लेयरसह एक्ससीएफ किंवा पीएसडी फाइल स्वतःकडे ठेवावी. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत.

२ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणात इजिप्तच्या लक्सरला सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास स्थिती दिसेल, आणि पश्चिम भारतातून खंडग्रास. भारताच्या भूमीवर खग्रास २० मार्च २०३४ रोजी, काश्मीर-लडाख भागात. तोवर मास्कचा सराव घरच्या पौर्णिमेच्या चंद्रावर करता येईल. त्याला फिल्टर लागत नाही.