आजीची पेटी आणि पानशेतचं पोस्टकार्ड

आमच्या घरात आजी-आजोबांच्या लग्नाची गोष्ट एका ओळीची होती: स्थळ आलं, कांदेपोहे झाले, पत्रिका जुळली. गेल्या दिवाळीत साफसफाईला आजीची पत्र्याची पेटी काढली आणि ती ओळ खोटी निघाली.

पेटीत चाळीसेक आंतरदेशीय पत्रं. बहुतेकांवर दिवस-महिना आहे, साल नाही. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस, टाइमस्टॅम्प नसला की मला झोप येत नाही! मग खुणा शोधल्या. पत्त्यात पिनकोड नाही, म्हणजे बहुधा १९७२च्या आधीची. छापील तिकिटाची किंमत नव्या पैशांत, म्हणजे १९५७ नंतरची.

गंमत म्हणजे एकही पत्र आजीच्या नावे नाही. सगळी तिच्या थोरल्या भावाला. तो आजोबांचा वर्गमित्र. आजोबा तेव्हा कोयनानगरला धरणाच्या कामावर ओव्हरसियर. आजीचं माहेर पुण्यात नारायण पेठेत, नदीजवळ. पत्रात सिमेंट, पाऊस, मेसमधली पाणचट आमटी. पण शेवटच्या घडीवर, जिथे डिंक लावायचा त्या पट्टीवर, बारीक अक्षरात एखादी ओळ: ‘वाचनालयाचे पुस्तक संपले का?’ आता मामाआजोबांनी आयुष्यात पेपराशिवाय काही वाचलं नाही हो.

मग १४ जुलैचं पत्र. शाई फुटलेली, अक्षर घाईचं. ‘पानशेत गेल्याचे कळले. घर? सर्वजण? ती?’ इथे साल शोधावं लागलं नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आणि ‘ती’ यावेळी पट्टीवर नाही, पत्राच्या मधोमध आहे.

उत्तर भावाचं नाही. पोस्टकार्ड, आजीच्या हातचं. आजोबांनी ते जपून ठेवलेलं, म्हणून पेटीत आहे. पोस्टकार्ड म्हणजे घरचे, पोस्टमन, कोयनेचा अख्खा मेस, सगळे वाचणार. ‘आम्ही सर्व सुखरूप. खालच्या खोलीत गाळ आहे. पुस्तक वाहून गेले, दंड भरावा लागेल.’ खाली पूर्ण नाव.

आजोबा आता नाहीत. आजीला विचारलं, घरी कुणी रागावलं नाही?

“वडील बोलेनात. पण घरभर गाळ होता, न बोलून चालणार होतं का?”

“आणि कांदेपोहे?”

“ते पुढच्या वर्षी. रीत म्हणून.”