तेरा वर्षांची तू, उस्मानाबादच्या मैदानावर

शाळा सुटली आहे, सेनगावच्या शिवारात सोयाबीन पिवळं पडलंय आणि तू 13 वर्षांची आहेस. डोळे मीट. एसटीने निघालीस तर हिंगोली, परभणी, लातूर असा दिवसभराचा रस्ता. पण आपल्याला वर्षांतूनही मागे जायचंय, तेव्हा गाडीची वाट बघायला नको.

उघड. 2006च्या आसपासचं हे उस्मानाबाद. जिल्ह्याचं नाव धाराशिव व्हायला अजून बराच अवकाश आहे. पायाखाली माती, मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा, दोन टोकांना दोन खांब. तुझ्याच वयाच्या एका मुलीला खो-खो खेळणाऱ्या नातेवाइकाने इथे आणलंय. तिचं नाव सारिका काळे.

बघत काय उभी राहिलीस? आत ये. एका वेळी तिघी पळायला उतरतात, त्यातली एक तू. मधल्या पाटीवर आठ जणी बसल्यात, एकीचं तोंड तुझ्याकडे, शेजारणीचं पलीकडे. नववी तुझ्यामागे लागलीय. तू दोघींच्या मधून पलीकडे निसटू शकतेस, तिला ती मुभा नाही. एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत तिला मागे वळता येत नाही. मग ती बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारते, “खो!” आणि तू निसटून जिथे गेलीस तिथेच ताजी, न दमलेली मुलगी उठते. मागे लागणारी सारखी बदलते, धाप मात्र तुझ्या एकटीच्या छातीत साठत जाते. हुलकावणी दे. खांबाजवळ रेंगाळू नकोस, तिथे ती एका हाताने खांब धरून सूर मारेल आणि तिची बोटं तुझ्या पाठीला लागतील.

लागली. बाद झालीस. बस बाजूला.

दम खाताना पोटात कावळे ओरडतायत ना? सारिकाने पुढे स्वतःच सांगितलं, की जवळजवळ दहा वर्षं तिने दिवसाला एका जेवणावर काढली. आई शिवणकाम करायची, वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं कमावता येत नव्हतं, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. ताटात चांगलं काही पडायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. अशा उपासमारीचं कौतुक करणारी भाषणं तू ऐकशील. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. भुकेने तिला वेग दिला नाही, तिने भुकेच्या तावडीतून तो ओढून आणला. मला विचारशील तर शिबिरातल्या त्या ताटाची किंमत पदकाएवढीच आहे. आजही तालुक्यातालुक्यात आधी ते ताट हवं.

आता फेब्रुवारी 2016, गुवाहाटी. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत खो-खो पहिल्यांदाच आलाय आणि भारताच्या मुलींची कर्णधार आहे सारिका. सुवर्णपदक भारताचं.

पण याच वर्षाचं एक बंद दारही तुला बघावं लागेल. पैशांची चणचण इतकी, की खेळ सोडायचं मनात घेऊन सारिकाने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली. त्यांनी समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. भारताची कर्णधार झालेल्या मुलीवर ही पाळी येते, मग जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या किती जणींची दारं उघडलीच नसतील!

29 ऑगस्ट 2020. करोनामुळे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा सोहळा पडद्यावर चाललाय. अर्जुन पुरस्कारात सारिका काळेचं नाव. खो-खोला हा मान 22 वर्षांनी मिळतोय. ती आता तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी आहे. मैदान मागायला येणाऱ्या मुलींचे अर्ज जिथे जातात, त्या खुर्चीवर एकवेळच्या जेवणावर खेळलेली मुलगी बसलीय. पुरस्काराइतकीच मोठी गोष्ट आहे ही.

एक उडी अजून मार. 19 जानेवारी 2025, दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम, खो-खोचा पहिला विश्वचषक. मातीच्या जागी मॅट, फक्कीच्या जागी रंगीत पट्टे. अंतिम सामन्यात समोर नेपाळ. भारताची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही आहे. शेवटची शिट्टी वाजते: 78-40. ओरड, जोरात ओरड, इथे तुला कुणी गप्प बस म्हणणार नाही.