परिचालन प्रणालींच्या पूर्वावृत्तींची चाचणी

परिचालन प्रणालींच्या पूर्वावृत्तींची चाचणी : संगणकाच्या यंत्रसामग्रीचे नियंत्रण करून इतर सर्व आज्ञावल्यांना तिचा उपयोग करू देणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. अशा प्रणालीची पक्की आवृत्ती प्रसृत करण्यापूर्वी तिच्या अपक्व आवृत्त्या वापरून त्यांतील दोष शोधणे, म्हणजे पूर्वावृत्तीची चाचणी होय. ज्या प्रणालीची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची सर्वांना मुभा असते, ती मुक्तस्रोत प्रणाली. तिच्या पूर्वावृत्ती कोणालाही मिळू शकतात. त्यामुळे चाचणीचा मोठा भार स्वयंसेवकांवर असतो.

या पद्धतीचे मुद्रणातील मुद्रितशोधनाशी साम्य आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेला निर्णयसागर छापखाना पुढे कोलभाट गल्लीत होता. शुद्ध व सुबक देवनागरी छपाईसाठी त्याची ख्याती होती. ग्रंथ छापून बाहेर पडण्यापूर्वी कच्ची मुद्रिते जाणकाराच्या नजरेखालून जाणे हा अशा शुद्धतेचा पाया असतो. मात्र मुद्रितशोधकासमोर पडताळणीसाठी हस्तलिखित असते. परिचालन प्रणाली हजारो प्रकारच्या यंत्रांवर, अनेक भाषांत चालावयाची असल्याने एकच प्रयोगशाळा तिचे सर्व दोष शोधू शकत नाही.

इतिहास : बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेली युनिक्स प्रणाली पुढे विद्यापीठांना संहितेसह मिळू लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने तिच्यात मोठी भर घातली. या गटाची ४.२ ही आवृत्ती १९८३ मध्ये प्रसृत झाली, त्यापूर्वी ४.१ए, ४.१बी व ४.१सी अशा मधल्या आवृत्त्या काढण्यात आल्या होत्या. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हॉल्ड्‌स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या प्रणालीची वार्ता देऊन लोकांची मते मागविली. सप्टेंबर १९९१ मधील ०.०१ पासून मार्च १९९४ मधील १.० पर्यंत लिनक्सचा गाभा वापरणाऱ्यांच्या सूचनांवरच वाढला. पुढे दुसरा अंक विषम असल्यास प्रायोगिक व सम असल्यास स्थिर आवृत्ती, असा संकेत रूढ झाला. डिसेंबर २००३ मधील २.६ नंतर तो मागे पडला. आता नवी भर स्वीकारण्याचा सुमारे दोन आठवड्यांचा काळ संपला, की साधारणतः दर आठवड्यास एक उमेदवार-आवृत्ती निघते आणि दोष आटोक्यात आल्यावर पक्की आवृत्ती प्रसृत होते.

डेबियन या १९९३ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात नवी आज्ञावली प्रथम ‘अस्थिर’ शाखेत येते. तेथे ठराविक दिवस गंभीर नवा दोष न आढळल्यास ती ‘चाचणी’ शाखेत जाते व अखेर ‘स्थिर’ शाखेत समाविष्ट होते. सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. मूळ शाखेत नजरेतून सुटलेला दोष अशा आश्रित प्रणालींतही उतरू शकतो.

चाचणीतील धोका : सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या उमेदवार-आवृत्ती वापरणाऱ्या काहींच्या संगणकांतील इंटेल कंपनीचे जालजोडणी-पत्रक निकामी झाले. पत्रकाच्या कायम स्मृतीतील माहिती नष्ट होत असल्याने प्रणाली पुन्हा स्थापित करूनही ते सुधारत नसे. संशय प्रथम पत्रकाच्या चालक-आज्ञावलीवर गेला. प्रत्यक्षात गाभ्याच्या कार्याचा माग ठेवणारी एक नवी सुविधा, मोकळी होऊन दुसऱ्या कामास दिलेल्या स्मृतिस्थानी लिहीत होती. ऑक्टोबर २००८ मध्ये पक्की आवृत्ती निघण्यापूर्वी पत्रकाच्या स्मृतीस लेखनापासून संरक्षण देण्यात आले व त्यानंतर लगेच ती सुविधाही बंद करण्यात आली. मोजक्या चाचणीकर्त्यांनी सोसलेल्या हानीमुळे असंख्य यंत्रे वाचली. यासाठीच पूर्वावृत्ती नित्याच्या कामाच्या संगणकावर न वापरता वेगळ्या यंत्रावर किंवा आभासी यंत्रात वापरावी व महत्त्वाच्या माहितीची प्रत आधी काढून ठेवावी, असे सांगितले जाते.

देवनागरी व मराठी : काही दोष यंत्र बिघडवीत नाहीत, पण भाषा बिघडवितात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस व ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. हा भेद केवळ रफार व आडवा अर्धा ‘र’ यांवर अवलंबून आहे. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणेही हिंदीतील प्रचलित वळणांहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीच्या प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला. मराठी न जाणणाऱ्या तंत्रज्ञास पडद्यावरील चुकीचे रूपही बरोबरच वाटेल.

मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्राने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘इंडिक्स’ प्रकल्पाद्वारे लिनक्समध्ये भारतीय लिप्यांची सोय करण्याचे काम केले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ टंकसंच मुक्त परवान्याने उपलब्ध केले. त्यांच्या पुढील विकासात कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. अक्षरजुळणी करणाऱ्या ‘हार्फबझ’ या आज्ञावलीच्या चाचणीसाठी विकिपीडियातून गोळा केलेल्या भारतीय भाषांतील शब्दांचा उपयोग झाला. तिने जुळविलेली रूपे मायक्रोसॉफ्टच्या तत्सम आज्ञावलीच्या रूपांशी ताडून पाहण्यात आली. अशा यांत्रिक तुलनेने लाखो शब्द तपासता येतात. तथापि दोन्ही आज्ञावल्या एकच चूक करीत असतील, तर ती उघडकीस येत नाही.

म्हणून चाचणीकर्त्यास आज्ञावलीलेखन येणे अनिवार्य नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या यंत्रावर, काय केले असता काय घडले व काय घडावयास हवे होते, एवढे नेमके लिहिता आले, तरी त्याची दोषनोंद उपयोगी पडते. यांपैकी ‘काय घडावयास हवे होते’ हे मराठीच्या बाबतीत मराठी वाचकच अधिकाराने सांगू शकतो. ते पक्क्या आवृत्तीपूर्वी सांगितले गेले नाही, तर चुकलेले अक्षर प्रत्येक यंत्रावर पोहोचते आणि कालांतराने डोळ्यांना तेच योग्य वाटू लागते.