गिऱ्हाइकाची साक्ष

शेलूबाजार या गांवाचा धंदा त्याच्या नांवांतच सांगितलेला आहे. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यांतील हें गांव; आसपासच्या खेड्यांतील माणसानें माल घेऊन यावें, माल घेऊन जावें, असें तें ठिकाण. गांवाजवळून आतां मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. परंतु मालाची नवी वाट त्याच्याही आधीं या बाजूच्या गांवांतून पडून गेली होती. मोबाईलच्या पडद्यावर चित्र पाहावें, किंमत वाचावी, बोट लावावें आणि चार दिवसांनीं दाराशीं खोकें यावें, हा व्यवहार आतां मुंबई-पुण्याचा राहिलेला नाहीं.

बाजारांत बसलेल्या ज्वारीच्या ढिगांत गिऱ्हाईक हात घालतें, दाणे तळहातावर घेऊन फुंकतें, एखादा दाणा दातांखालीं धरतें. मिरची हुंगतां येते, लुगड्याचा पदर उन्हांत धरतां येतो. पडद्यावरच्या मालाला यांतील कांहींच करतां येत नाहीं. म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतें. चित्राखालीं पांच तारे असतात, आणि त्या ताऱ्यांखालीं आधीं माल घेतलेल्यांचे अभिप्राय. कोणी लिहितें, ‘माल उत्तम’. कोणी लिहितें, ‘दोन दिवसांत बिघडला’. हे लिहिणारे कोण, त्यांनीं माल खरोखर घेतला काय, आणि घेतला असल्यास त्यांना कोणी हें लिहावयास लाविलें काय, हा आजचा प्रश्न आहे. तो नवा वाटतो. वस्तुतः वऱ्हाडाला त्याची ओळख दीडशें वर्षांहून अधिक काळाची आहे, आणि त्याचें एक उत्तर जेथें प्रथम शोधलें गेलें तें कारंजें याच वाशीम जिल्ह्यांत आहे.

दूरच्या व्यवहारांत पत हीच खरी पुंजी, हें जुन्या पेढीवाल्यांना पक्कें ठाऊक होतें. शहाजोग हुंडीचा पैसा वाटेल त्याच्या हातांत पडत नसे. ज्याला बाजार ‘शाह’ म्हणून ओळखतो अशा प्रतिष्ठित व्यापाऱ्यामार्फतच तो द्यावयाचा असे. कागदाची साक्ष पुरेशी नव्हती. कागद आणणाऱ्या माणसाची ओळख लागे. खोटें बोलणाऱ्याची पत एका पेठेंत बुडाली कीं ती बातमी दुसऱ्या पेठेंत पोंचे. सगळी व्यवस्था या एका भीतीवर उभी होती.

परंतु कापसाच्या बाबतींत ही व्यवस्था तोकडी पडली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस आटला. तेव्हां सर्वांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. मुंबई बंदरांतून जाणाऱ्या कापसाला विलायतेंत सरसकट ‘सुरत’ म्हणत. वऱ्हाडच्या कापसाला पुढें अमरावतीवरून ‘उमरा’ असें व्यापारी नांव पडलें. शेतकऱ्याच्या गाडीपासून विलायतेच्या गोदीपर्यंत हा माल इतक्या हातांतून जाई कीं वाटेंत त्यांत पाणी शिंपडलें गेलें काय, सरकी आणि माती मिसळली गेली काय, जुन्या रुईवर नव्या रुईचा थर दिला गेला काय, हें शेवटच्या गिऱ्हाइकाला गांठ सोडल्यावरच कळे. भेसळीविरुद्ध मुंबई इलाख्यांत १८२९ सालीं एक कायदा झालेला होता, १८६३ सालीं दुसरा झाला. पण ते पुढें टिकले नाहींत. ज्याचा सौदा त्यांत गुंतला आहे त्याच्याकडूनच खऱ्याची अपेक्षा, आणि तपासणारे मूठभर, अशी ती स्थिति होती.

या अपकीर्तीचा एक नमुना मोठा बोलका आहे. १८६३ सालीं विलायतेंत बियर गाळणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोणी तरी वर्तमानपत्रांतील जाहिरातींत त्यांचा उल्लेख ‘सुरत’ बियरवाले असा केला होता. सुरत हें नांव त्या दिवसांत निकृष्ट मालाचा पर्याय झालें होतें, एवढाच त्याचा अर्थ. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर एका साऱ्या मुलखाच्या मालाला एक तारा मिळाला होता, आणि तो इतका सर्वतोमुखी झाला होता कीं त्याचा उच्चार हीच शिवी ठरली.

यांत भरडला गेला तो प्रामाणिक शेतकरी. ज्यानें बोंड नीट वेचून, वाळवून स्वच्छ कापूस आणला, त्यालाही ‘उमऱ्या’चाच भाव. घेणाऱ्याला चांगलें-वाईट निवडतां येत नाहीं, म्हणून तो मधला भाव देतो. मधल्या भावांत चांगल्याचें भागत नाहीं, म्हणून चांगला माल हळूहळू बाजारांतून उठतो आणि वाईट तेवढा उरतो. हीच गोष्ट जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन मांडली, आणि २००१ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्याला वाटा मिळाला. वऱ्हाडच्या कास्तकाराला ती निबंध न वाचतां कळलेली होती.

कारंज्याचा कापूस-बाजार १८८६ सालीं नियमाखालीं आला. वऱ्हाड त्या वेळीं निजामाच्या मालकीचें परंतु इंग्रजांच्या कारभाराखालीं होतें, आणि हैदराबादच्या रेसिडेंटाच्या अमलांत ही व्यवस्था झाली. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार म्हणून कारंज्याचें नांव घेतलें जातें. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं कायदाच झाला. बाजाराची जागा ठरली, समिति आली, परवाना घेतलेले दलाल आणि परवाना घेतलेले मापारी आले. वरवर पाहतां ही केवळ बंदोबस्ताची बाब दिसते. परंतु त्यांतील मुद्दा साक्षीचा होता. मापारी हा साक्षीदार. तो खोटें बोलला तर त्याचा परवाना जाणार. देशांतील अनेक मंड्यांत त्या काळीं आणि पुढेंही सौदा रुमालाखालीं बोटें दाबून होत असे. त्याला हत्ता म्हणत. शेजारीं उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा काय भाव चालला आहे याचा पत्ता लागत नसे. रुमाल उचलणें, म्हणजे बोली उघड करणें, हेंच नियंत्रित बाजाराचें अर्धें काम होय.

वऱ्हाडची ही पद्धति निर्दोष नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. समितींवर व्यापाऱ्यांचें वर्चस्व होतें. ज्याचा माल तोलावयाचा त्याला तोलणाऱ्यावर देखरेख करण्याचा अधिकार नव्हता. १९२८ सालीं ज्याचा अहवाल निघाला त्या शाही शेतकी आयोगानें नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला तो या अनुभवाचे गुणदोष पाहूनच. साक्षीदाराला नेमणारा कोण, हा प्रश्न तेव्हांही साक्षीइतकाच महत्त्वाचा होता.

आणखी एक युक्ति १९२५ सालच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें आणली. प्रत्येक गांठीवर ती ज्या प्रेसांत बांधली त्याची खूण व अनुक्रमांक घालावयाचा. गांठीचा माग तिच्या जन्मस्थानापर्यंत काढतां येऊं लागला. ‘कोणाची गांठ?’ या प्रश्नाला उत्तर असणें, ही मोठीच गोष्ट होती.

कापसाला ही शिस्त लागत असतां दुसरीकडे मात्र साक्षीचा बाजार मोकाट सुटलेला होता. जुन्या मराठी मासिकांचीं मागचीं पानें चाळावीं. धातुपौष्टिक गोळ्या, केशवर्धक तेलें, सर्व रोगांवर एकच अर्क! आणि प्रत्येकाखालीं प्रशस्तिपत्रें. अमुक गांवचे अमुक गृहस्थ लिहितात कीं तीन बाटल्यांत गुण आला. ते गृहस्थ होते कीं नव्हते, हें वाचणाऱ्यानें कसें तपासावें? विलायतेंतही हाच प्रकार होता. तेथें १८९२ सालीं एक खटला गाजला. ‘आमची धुराची पोटली वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला शंभर पौंड देऊं,’ अशी जाहिरात एका कंपनीनें दिली होती, आणि कार्लिल नांवाच्या बाईला ती पोटली नियमानें वापरूनही ताप आला. जाहिरातींतले शब्द कोणी खरे धरावयाचे नसतात, असा बचाव कंपनीनें केला; न्यायालयानें तो मानला नाहीं आणि शंभर पौंड द्यावयास लाविले. आपल्याकडे जादूच्या औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ सालीं झाला.

गिऱ्हाइकाच्या साक्षीचें सर्वांत सरळ रूप मात्र महाराष्ट्रांतच पाहावयास सांपडतें. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि १९७५ च्या गुढीपाडव्यास मुंबई ग्राहक पंचायतीचें सामुदायिक खरेदीचें काम सुरू झालें. शेजारपाजारचीं कांहीं कुटुंबें मिळून एक संघ. महिन्याच्या जिनसांची मागणी एकत्र. माल घाऊक घ्यावयाचा आणि आपसांत वांटावयाचा. तेथें तूरडाळ खराब निघाली तर बोलणारी बाई समोरच्या बिऱ्हाडांतली असते. तिला खोटें बोलण्याचें कारण नसतें, आणि तिनें खोटें बोललें तर तें झांकतही नाहीं. या चळवळींच्या रेट्याचा उपयोग १९८६ सालचा ग्राहक संरक्षण कायदा होण्यास झाला.

संकेतस्थळांवरील अभिप्रायांत ही ओळख नाहीं. अमेझॉननें गिऱ्हाइकांस अभिप्राय लिहूं देण्यास १९९५ सालीं आरंभ केला, तेव्हां वाईट अभिप्रायही छापणें हें अनेकांना दुकानदाराचें वेड वाटलें. पुढें व्यापाऱ्यांस कळून आलें कीं गिऱ्हाईक दुकानदारापेक्षां गिऱ्हाइकावर अधिक विश्वासतें. आणि ज्या वस्तूवर विश्वास आहे तिची नक्कल होणारच. लंडनमध्यें २०१७ सालीं एका तरुणानें आपल्या बागेंतील लाकडी खोपटाला उपाहारगृह म्हणून एका प्रवासी संकेतस्थळावर नोंदविलें. तेथें कोणी जेवलेलें नव्हतें. ओळखीच्यांकडून लिहविलेल्या अभिप्रायांच्या बळावर तें खोपट शहरांतील उपाहारगृहांत पहिल्या क्रमांकावर चढलें.

खोटेपणा कोठें अधिक होतो, याचाही शोध झालेला आहे. मेझलिन, डोव्हर व शेव्हॅलिए या अमेरिकन अभ्यासकांनीं २०१४ सालीं दोन संकेतस्थळांवरील हॉटेलांच्या अभिप्रायांची तुलना केली. एकावर वाटेल त्यानें लिहावें, दुसऱ्यावर मुक्काम केल्याची नोंद असेल त्यानेंच. पहिल्या ठिकाणीं लहान स्वतंत्र मालकांच्या हॉटेलांची स्तुति अधिक आढळली, आणि अशा हॉटेलांच्या शेजाऱ्यांवर टीकाही अधिक आढळली! आपली वाहवा आणि शेजाऱ्याची निंदा, हा मनुष्यस्वभाव कारंज्याला आणि शिकागोला सारखाच. खरेदीची नोंद मागितली कीं खोट्याला खर्च पडतो, एवढेंच. तोही पार थांबत नाहीं; रिकामीं अगर क्षुल्लक वस्तूंचीं पाकिटें परक्या पत्त्यांवर पाठवून ‘खरेदी झाली’ अशी नोंद करण्याची युक्ति निघालीच आहे.

सरकारांनीं या बाबतींत उशिरा पण पाऊल टाकलें. भारतांत २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलांत आला, आणि त्याच महिन्यांत ई-व्यापाराचे नियम निघाले. विक्रेत्यानें आपणच गिऱ्हाईक असल्याचें सोंग घेऊन अभिप्राय लिहूं नये, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें अभिप्रायांसाठीं १९००० या क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. विकत घेतलेले किंवा विक्रेत्याच्या माणसांनीं लिहिलेले अभिप्राय छापूं नयेत आणि लिहिणारा खरा आहे याची खातरी करून घ्यावी, असें तें सांगतें. परंतु तें ऐच्छिक म्हणून निघालें. अमेरिकेच्या व्यापार आयोगानें खोट्या अभिप्रायांवर बंदीचा नियम २०२४ सालीं केला, आणि त्याच वर्षींच्या ब्रिटिश कायद्यानेंही ती घातली. मानकांतील लिहिणाऱ्याची खातरी म्हणजे गांठीवरचा अनुक्रमांकच होय. मापाऱ्याचा परवाना काढून घेणारी समिति मात्र येथें अद्याप दुकानाचीच आहे.

तोंवर घरांतील खरेदी करणाऱ्यानें काय करावें? सरासरी ताऱ्यांकडे कमी आणि मजकुराकडे अधिक पाहावें. फार संतुष्ट आणि फार संतप्त अशीच माणसें सहसा लिहावयास बसतात. ज्याचें बरें चाललें आहे तो मुकाट्यानें वस्तु वापरतो. म्हणून दोन-तीन ताऱ्यांचे, गुण आणि दोष दोन्ही सांगणारे अभिप्राय आधीं वाचावे. एकाच आठवड्यांत, एकाच थाटाच्या वाक्यांनीं पडलेली स्तुतीची रास दिसली तर थबकावें. सहा महिने वापरल्यावर पुन्हां येऊन लिहिणारा साक्षीदार दुर्मिळ असतो. तो सांपडला तर त्याचें ऐकावें. आणि आपण स्वतः लिहितांना वस्तूच्या किमतींतून कांहीं परत मिळण्याच्या आशेनें तारे देऊं नयेत. पाकिटांतून येणारी ‘पांच तारे द्या, पैसे मिळवा’ अशी चिठ्ठी ही रुमालाखालचीं बोटेंच आहेत.

या सगळ्यांत अधिक अडचण आहे ती नव्या विक्रेत्याची. समजा, वाशीम भागांतील एखाद्या बचत गटाच्या बायकांनीं स्वतःच्या शेतांतली हळद दळून, पाकिटांत भरून संकेतस्थळावर ठेविली. हळद शुद्ध आहे. परंतु तिच्याखालीं एकही तारा नाहीं. शेजारींच रंग घातलेल्या पिवळ्या भुकटीला शेंकडों तारे आहेत, आणि ते विकत घेतलेले आहेत. मुंबईची गृहिणी त्या दोन चित्रांकडे पाहते. बायकांनीं आपल्या भावांना, मावसबहिणींना, लग्न होऊन पुण्यास गेलेल्या मुलींना सांगून दहा अभिप्राय लिहवून घ्यावेत, असें मनांत येणें साहजिक आहे. पण गटांतीलच कोणी, अगर हळद न घेतां कोणी, गिऱ्हाईक म्हणून लिहिलें तर तेंही खोट्यांतच जमा होणार. हळद खरोखर विकत घेऊन, भाजींत घालून, मग कोणी काय तें लिहिलें तर तो निराळा व्यवहार. त्याला वेळ लागतो. पहिलीं दहा पाकिटें विकली जाईपर्यंत त्या बायकांना भुकटीच्या भावाखालीं उतरावें लागतें, आणि वऱ्हाडच्या स्वच्छ कापसाप्रमाणें त्यांची हळदही तोंवर मधल्या भावानेंच जाते.