एरियस नेमकं काय म्हणाला?

देव बदलत नाही, यावर चौथ्या शतकात फारसं भांडण नव्हतं. भांडण होतं ख्रिस्तावरून: पुत्रही तसाच अपरिवर्तनीय का? 325 मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेने पुत्राला 'बदलणारा' म्हणणाऱ्यांना शापित ठरवलं. (चर्चमध्ये आज म्हणतात तो मतांगिकार 381च्या परिषदेशी जोडलेला आहे, त्यात हा शाप सापडणार नाही. 325चा पाठ उघडा.) रोख होता अलेक्झांड्रियाचा पाद्री एरियस याच्यावर.

आता गंमत बघा. बिशप अलेक्झांडरला लिहिलेल्या पत्रात एरियस स्वतःच पुत्राला अपरिवर्तनीय म्हणतो! उलटं मत त्याच्या नावावर सांगतो तो अथनेशियस, त्याचा कट्टर विरोधक. मग अथनेशियसला बाद करून टाकाल? थांबा, ते पत्रही अथनेशियसनेच आपल्या ग्रंथात उतरवून ठेवलंय.