उंच टोमॅटोला काठी आली कुठून?

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, त्याच सुमारास नवरात्रात लावलेले आपल्या परसातले टोमॅटो छातीला लागलेले असतात. फळ धरतं, झाड एका अंगाला कलतं, आणि मग घरभर काठी शोधायची पळापळ सुरू होते. आज त्या काठीचीच गोष्ट सांगते. कारण टोमॅटोचा इतिहास पुस्तकांत सापडतो, काठीचा कुणी लिहीत नाही.

टोमॅटोचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पेरू-इक्वाडोरच्या बाजूला. तिथलं रानटी झाड जमिनीवर सरपटतं. कारल्याला तणावे असतात, वाल आपणहून काठीला गुंडाळत जातो. टोमॅटोकडे यातलं काहीच नाही. उलट त्याच्या खोडाला ओली माती लागली की तिथे नवी मुळं फुटतात. म्हणजे लोळणं हाच त्याचा स्वभाव. उभं राहावं, ही आपली गरज. आपल्या काळ्या जमिनीत पाणी दिलं की ओल धरून राहते. टेकलेलं फळ सडतं, आणि पाण्याबरोबर उडालेल्या मातीतून खालच्या पानांवर करपा चढतो.

पेरूकडून हे झाड मेक्सिकोत गेलं आणि तिथे माणसाळलं. सोळाव्या शतकात सहागुन नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने तिथल्या बाजाराचं वर्णन लिहून ठेवलं आहे. टोमॅटो विकणाऱ्यांकडे किती परीचे, किती रंगांचे टोमॅटो असत ते त्यात आहे. तिथल्या लोकांच्या शब्दावरूनच आपला टोमॅटो हा शब्द आला.

आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आला. मिरचीही तशीच आली. पण गंमत बघा, मिरची घराघरांत शिरली, नंदुरबारचा बाजार तर आज लाल मिरचीसाठीच ओळखला जातो. टोमॅटो मात्र कितीतरी काळ दारातच उभा राहिला. मला वाटतं, तिखटाला आपल्याकडे मिरीच होती आणि ती महाग. आंबटाला मात्र चिंच, कैरी, आमसूल, ताक सगळं होतं. नव्या आंबटाची अडचण कुणाला होती? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉर्ज वॅट या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या पिकांचा मोठा कोश काढला. त्यातही टोमॅटो मुख्यतः साहेबलोकांसाठी लावतात, असंच लिहिलं आहे. जुनी माणसं त्याला बेलवांगी म्हणत, वऱ्हाडाकडे भेदरं म्हणतात. वांग्याचं नाव दिलं ते चुकीचं नव्हतं, दोघं एकाच कुळातले. बटाटा, मिरची, तंबाखूही त्याच घरच्या.

मग 1914 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एक वेगळंच झाड आपोआप निपजलं. ठरावीक उंचीला त्याची वाढ थांबायची. त्या गुणावरून पुढे बुटक्या, झुडपी जाती निघाल्या. त्यांना आधार कमी लागतो, फळं बरीचशी एकदम येतात. शेतातल्या तोड्याला ते बरं. घराला मात्र रोज दोन-चार टोमॅटो लागतात, त्यासाठी वाढतच राहणारी उंच जात चांगली. म्हणून रोपवाटिकेत रोप घेताना विचारायचं, ‘भाऊ, हे वाढत जाणारं आहे की झुडपी?’ उंच असेल तर काठीची तयारी आधीच ठेवायची.

काठ्या आपल्याकडे काय होत्या? तुराट्या आणि पऱ्हाट्या. तुरी झोडपल्या की तुराट्यांचा भारा कुडाला, चुलीला आणि वेलांना. पऱ्हाटीबाबत मात्र सांभाळा. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून कृषी खातं पऱ्हाट्या साठवू नका म्हणतं. शिवाय तुराटी-पऱ्हाटी कमरेएवढ्या झाडाला पुरते, पुरुषभर उंच, फळांनी लगडलेल्या झाडाला नाही. संकरित बियाणं आलं, झाडं वाढली, तशी नाशिक आणि जुन्नर-नारायणगावच्या पट्ट्यात तारकाठी आली: बांबू रोवायचे, तार ओढायची, सुतळीने झाड टांगायचं.

म्हणजे गाडं येऊन अडतं बांबूवर. आणि बांबूची गोष्ट टोमॅटोपेक्षा कडू आहे.

1927 च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला होता. वनस्पतिशास्त्राने बांबू गवत आहे, पण कायद्याने झाड ठरला. त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या बाईला डोळ्यांसमोरच्या बेटातली काठी आणायची भीती. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आणि त्यावर वनात राहणाऱ्यांचा हक्क मानला. तरी हक्क कागदावरून हातात यायला वेळ लागला. गडचिरोलीच्या मेंढा लेखा गावाला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक एप्रिल 2011 मध्ये मिळालं. केंद्रीय मंत्री जयराम रमेश तेव्हा गावात आले होते. आणि जंगलाबाहेर, आपल्याच बांधावर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला तो 2017 च्या नोव्हेंबरात. नव्वद वर्षं लागली, बायांनो! गटाच्या बैठकीत हे साल लक्षात ठेवून सांगा. बांधावरचा बांबू तोडायला भिणाऱ्या बाया अजूनही असतील.

आता बांधणीचं. काठी रोप लावतानाच रोवावी. नंतर ठोकली की मुळं तुटतात. सहा-सात फुटांची काठी, त्यातली दीड फूट जमिनीत. सुतळी बारीक असली तर खोडाला कापते. जुन्या सुती लुगड्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या सगळ्यांत चांगल्या. पट्टी काठीला घट्ट, खोडाला सैल, मध्ये इंग्रजी आठासारखा पीळ. वीतभर वाढलं की पुढची गाठ. पान आणि खोडाच्या बेचक्यातले खालचे फुटवे खुडायचे, पण तंबाखू-मिश्रीचे हात साबणाने धुऊन. तंबाखूतला रोग हातावरून टोमॅटोला लागतो, कूळ एकच ना.

काठीसाठी मानवेल उत्तम, जवळजवळ भरीव असते. काढून झाल्यावर काठ्या पुसून छपराखाली आडव्या ठेवल्या तर पुढच्या वर्षीही चालतात, मातीत सोडल्या तर वाळवी खाते. आणि पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर मानवेलीची चार रोपं लावली, तर चार-पाच वर्षांनी काठ्या घरच्याच निघू लागतील. काढताना बेटातल्या तीन वर्षांच्या जुन्या काठ्या तोडा, कोवळे कोंब राहू द्या.